विंडोज ७ इन्स्टॉल होत नाही, दर वेळी वेगळा एरर कोड (छापखान्याचा जुना संगणक, फोंडा)

अंत्रूज_मुद्रक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याला आमचा लहानसा छापखाना आहे. उत्सवातल्या नाटकांची हँडबिलं, जत्रेच्या आणि लग्नाच्या पत्रिका, भजनी मंडळांच्या पुस्तिका, अशी कामं. मराठी डीटीपीचं आमचं सॉफ्टवेअर खूप जुनं आहे. प्रोग्राम ३२ बिटचा, त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि सगळं चालतं ते पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) स्क्रूने आवळायच्या डोंगलवर, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही त्या किल्लीवर. ६४ बिटच्या विंडोजवर तो इन्स्टॉलर उघडतच नाही. म्हणून एक संगणक फक्त या कामासाठी राखून ठेवला आहे: जी४१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू डुओ प्रोसेसर, २ अधिक २ जीबी रॅम.

पावसात लाइटची ये-जा चालू असताना त्याची हार्ड डिस्क गेली. डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे, त्यामुळे ती काळजी नाही. नवीन २४० जीबीची एसएसडी लावली आणि विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिटची ओरिजिनल डीव्हीडी घालून इन्स्टॉल सुरू केलं. 'एक्सपांडिंग विंडोज फाइल्स' चालू असताना गाडी अडते. आधी ०एक्स८००७०५७० आला, 'विंडोज कॅनॉट इन्स्टॉल रिक्वायर्ड फाइल्स' असा मजकूर. पुन्हा सुरू केलं तर ८००७००१७. मग दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्ह करून घेतला, त्यावरून परत ८००७०५७०, आणि एकदा तर निळा स्क्रीन, स्टॉप ००००००१ए. अडण्याची जागाही ठरलेली नाही, कधी सुरुवातीलाच, कधी अर्ध्याच्या पुढे.

ज्याला दाखवला तो म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन संगणक घ्या. नवीन संगणकाला पॅरलल पोर्ट कुठून आणू? कार्तिकापासून जत्रा सुरू होतील, त्याआधी हा उभा राहायला हवा. कुणी वाट दाखवील का?

सत्तरी_वाळपई

डीव्हीडीवर बुरशी धरली असेल. आमच्याकडे वाळपईला पावसाळ्यात कपाटातल्या सगळ्या सीड्यांवर पांढरी जाळी येते. मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल गोल पुसू नका. आणि दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह मिळाला तर लावून बघा, जुन्या ड्राइव्हची लेन्स कमजोर होते.

कुळागर

मुद्रकबाब, डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबलही बदलून बघा. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनला हाच त्रास होता आणि केबल बदलल्यावर थांबला. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचं स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा तक्ता, बघता येतं. त्यात सी७ नावाच्या ओळीत आकडा वाढत असेल तर केबलचा किंवा कनेक्टरचा दोष, डिस्कचा नव्हे. हार्ड डिस्क असेल तर ०५ आणि सी५ या ओळी बघायच्या, तिथे शून्याच्या वर आकडा दिसला की डिस्कवर भरवसा ठेवू नये.

बिट_बार्देस

मुद्रकबाब, तुम्ही सगळे कोड लिहून ठेवलेत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे म्हापशाला मशीन घेऊन येणारे बहुतेक लोक 'काहीतरी एरर आला' एवढंच सांगतात, आणि मग पहिला तास कोड पुन्हा आणण्यातच जातो. तुमच्या कोडांवरून बरंच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८००७ ने सुरू होणारा कोड दोन तुकड्यांत वाचायचा. ८००७ म्हणजे 'काम फसलं, आणि कारण विंडोजच्या नेहमीच्या एरर यादीतलं आहे'. खरं कारण शेवटच्या चार आकड्यांत. ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, असतात. विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकून ते साध्या आकड्यांत करा. ०५७० चे होतात १३९२. मग कुठल्याही चालू विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट हेल्पएमएसजी १३९२' टाइप करा, तो स्वतःच सांगतो: फाइल किंवा डिरेक्टरी खराब झाली आहे, वाचता येत नाही. ००१७ म्हणजे २३: डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक, म्हणजे वाचलेला डेटा तपासणीत जुळला नाही. कुणाला ८००७०४५डी आला तर तो १११७, इनपुट-आउटपुट डिव्हाइस एरर, तिथे केबल, पोर्ट आणि डिस्क आधी बघायची. ८००७००७० म्हणजे ११२, डिस्कवर जागा नाही. ८००७०००५ म्हणजे ५, परवानगी नाही. एवढी रीत कळली की नेटवर प्रत्येक कोडाखाली 'हे करा, ते करा' म्हणून जे दहा उपाय लिहिलेले असतात, त्यातले निम्मे लगेच गळतात.

आता तुमच्या केसबद्दल. डीव्हीडीवर सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल डॉट विम नावाची एक भली मोठी फाइल असते. सगळं विंडोज त्यात दाबून भरलेलं असतं. 'एक्सपांडिंग' म्हणजे ती फाइल तुकड्या-तुकड्याने रॅममध्ये घ्यायची, उलगडायची, आतल्या हॅशशी (पडताळणीच्या आकड्याशी) ताडायची आणि डिस्कवर लिहायची. ताडताना एक बिट जरी वेगळा निघाला तरी सेटअप म्हणतो, फाइल खराब. ती डीव्हीडीवरच खराब होती, ड्राइव्हने चुकीची वाचली, की रॅममध्ये आल्यावर बिघडली, हे त्याला कळत नाही. त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो.

म्हणून मी नेहमी दोन गोष्टी विचारतो. अडण्याची जागा दर वेळी तीच आहे का? आणि डीव्हीडी सोडून पेन ड्राइव्ह घेतल्यावर फरक पडला का? जागा तीच असेल तर बहुधा डीव्हीडी किंवा आयएसओ (डीव्हीडीची फाइलरूपातली नक्कल) खराब. तुमची जागा दर वेळी बदलते, पेन ड्राइव्हवरूनही तेच होतं, आणि वर १ए चा निळा स्क्रीन आला. १ए म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. तिन्ही खुणा रॅमकडे बोट दाखवतात. मदरबोर्ड गेला असं म्हणायला अजून काहीच आधार नाही.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम उतरवा, पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून संगणक सुरू करा. तो विंडोजशिवाय चालतो. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी पुढे इन्स्टॉलच्या भानगडीत पडू नका. मग संगणक बंद करा, प्लग काढा, रॅमची एक पट्टी काढून ठेवा आणि एकेकीची वेगळी चाचणी घ्या, दोन्ही त्याच स्लॉटमध्ये. चांगली पट्टी सापडली की ती दुसऱ्या स्लॉटमध्येही चालवून बघा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा तेही कळेल.

पट्ट्यांचे सोनेरी दात उजेडात नीट बघा. आपल्या हवेत दमटपणा आणि किनाऱ्याकडे खारा वारा, त्यामुळे दातांवर काळपट किंवा हिरवट थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसा. ते नसेल तर पेन्सिलीचं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा ब्रशने झाडून टाका. स्लॉटमध्ये चुरा जाता कामा नये.

वजनकाटा_डिचोली

धाग्यात घुसतोय, पण विषय तोच आहे. आमच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालतं, सीरियल पोर्टवरून काट्याचा आकडा घेतं. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून कंपनीने नवीन सॉफ्टवेअरवर खर्च केला नाही, आता चिरे आणि रेतीच्या गाड्या त्याच काट्यावर मोजतो. बोर्ड गेला म्हणून वापरलेला दुसरा लावला, त्याला सीरियल पोर्ट आहे. पण एक्सपीची सीडी घातली की 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' म्हणतो आणि निळा स्क्रीन, स्टॉप ००००००७बी. रॅम तपासून झाली, ठीक आहे.

बिट_बार्देस

वजनकाटाबाब, तुमचा रोग निराळा आणि औषध सोपं. ७बी म्हणजे इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस: सेटअपला तुमची डिस्कच दिसत नाही. एक्सपी २००१ चं. साटा डिस्क ज्या एएचसीआय पद्धतीने चालतात तिचा ड्रायव्हर त्या सीडीत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा, साटा मोड किंवा साटा कॉन्फिगरेशन अशी ओळ शोधा, तिथे एएचसीआय असेल ते आयडीई किंवा कंपॅटिबल करा, सेव्ह करून परत सीडी लावा. डिस्क दिसेल.

काही बोर्डांत आयडीईचा पर्यायच नसतो. मग एनलाइट या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवीन सीडी करावी लागते. सेटअपमध्ये एफ६ दाबून ड्रायव्हर देता येतो खरा, पण एक्सपी तो फ्लॉपीवरूनच मागतो. एक सावधगिरी: त्याच डिस्कवर आधीच एखादं विंडोज एएचसीआयमध्ये इन्स्टॉल केलेलं असेल तर मोड बदलल्यावर तेही ७बी देईल. परत जुना मोड केला की ते चालतं.

कुळागर

एक्सपीवाल्यांसाठी आणखी एक. ७बी गेला आणि स्टॉप ००००००ए५ आला तर तो एसीपीआय बायोस एरर. एसीपीआय म्हणजे संगणकाची वीज सांभाळायची पद्धत. बोर्डाचा बायोस अपडेट मिळाला तर तो आधी करावा. नाहीच मिळाला तर सुरुवातीला 'प्रेस एफ६' असं खाली दिसतं त्याच वेळी एफ७ दाबायचं. एफ७ बद्दल स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नसतं, पण त्याने एसीपीआय सोडून साधं एक्सपी बसतं. मग शटडाउन केल्यावर संगणक आपोआप बंद होत नाही, बटण दाबावं लागतं.

वजनकाटा_डिचोली

आयडीई केलं, पुढे गेलं. फॉर्मॅट चालू आहे. देव बरें करूं!

मांडवीकाठ

सगळ्यांचे सल्ले उत्तम आहेत, पण मूळ प्रश्नाला हात घालतो. मुद्रकबाब, हा संगणक आज उभा राहील, पण पुढे? विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला. तुमचे फाँट युनिकोड, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नाहीत. त्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. गावोगावच्या उत्सवांची हँडबिलं, कुठल्या साली कुठलं नाटक झालं, भूमिका कुणी केल्या, हा सगळा गोव्याच्या मराठी रंगभूमीचा दस्तऐवज आहे आणि तो एका डोंगलच्या भरवशावर पडून आहे. मला हे मनापासून खटकतं. निदान प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ काढून ठेवा, आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायला सुरुवात करा. व्हर्च्युअल मशीनचाही, म्हणजे नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकाचाही, विचार करा.

अंत्रूज_मुद्रक

मांडवीकाठबाब, तुमचं म्हणणं पटतं आणि ते मी करणार आहे. पण पीडीएफ काढायलाही ते सॉफ्टवेअर उघडावं लागतं, आणि ते उघडायला हाच संगणक लागतो. व्हर्च्युअल मशीनला पॅरलल पोर्टचा डोंगल दिसला नाही, ते आधीच करून पाहिलं होतं. कन्व्हर्टरने जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. एका माणसाच्या नावातला रफार उडाला तर तो छापखान्यात येऊन उभा राहतो. म्हणून हे काम घाईत होणारं नाही.

आता मेमटेस्टचा निकाल. दोन्ही पट्ट्या लावून सुरू केला आणि पहिली फेरी अर्धी व्हायच्या आत स्क्रीनचा खालचा भाग लाल ओळींनी भरला. बंद करून पट्ट्या काढल्या. एकीचे दात स्वच्छ पिवळे. दुसरीच्या एका बाजूच्या चार-पाच दातांवर शेवाळासारखा हिरवा डाग, आणि स्लॉटच्या त्याच टोकाला आत तसाच. ती जागा खिडकीकडची आहे, पावसात तिथून ओल येते. अल्कोहोलने पुसून एकेक पट्टी वेगळी चालवली. स्वच्छ पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये पूर्ण फेरीत निर्दोष. डाग असलेली पुसल्यावरही लाल ओळी देते. स्वच्छ पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठीक चालते.

खराब पट्टी काढून टाकली आणि २ जीबीवर इन्स्टॉल लावलं. त्याच डीव्हीडीवरून, त्याच ड्राइव्हमधून, एकही कोड न येता डेस्कटॉप आला!

बिट_बार्देस

फार बरं वाटलं वाचून. ३२ बिटच्या विंडोज ७ ला किमान १ जीबी लागते, तुमच्या कामाला २ जीबी पुरेल. दुसरी पट्टी घ्यायचीच झाली तर आणल्यावर मेमटेस्ट करूनच वापरा, वापरलेली असो की नवी. आणि संगणक खिडकीपासून हलवा.

अंत्रूज_मुद्रक

हलवला. आता पुढची अडचण. डोंगलच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती मिळवली, तर विंडोज म्हणतं डिजिटल सिग्नेचर तपासता येत नाही. अपडेट चालवायला थोडा वेळ नेटला जोडला तर आधी ८००७२एफ८एफ, ते सुटल्यावर ८००७२ईएफई. ८००७२एफ८एफ माझं मीच सोडवलं: संगणकाची तारीख २००९ सालची दाखवत होती. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलला आणि तारीख बरोबर केली.

बिट_बार्देस

अगदी बरोबर केलंत. तारीख चुकली की सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' किंवा 'मुदत संपली' असं ठरतं आणि सुरक्षित जोडणी होत नाही.

राहिलेल्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा एकच. तुमची डीव्हीडी सर्व्हिस पॅक १ च्या आधीची असणार. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, तेव्हा फाइलींच्या डिजिटल सह्या एसएचए-१ पद्धतीच्या होत्या. पुढे मायक्रोसॉफ्टने ती पद्धत सोडली आणि २०१९ पासून अपडेटच्या सह्या फक्त एसएचए-२ च्या केल्या. कोऱ्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. अपडेट हाताने लावताना ८००९२००४ आला तर त्याचंही कारण हेच.

दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर नंबर टाकून फाइली उतरवा, ३२ बिटच्या म्हणजे एक्स८६ लिहिलेल्याच. क्रम चुकवू नका: आधी सर्व्हिस पॅक १, म्हणजे केबी९७६९३२. मग केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. प्रत्येकानंतर रीस्टार्ट. त्यानंतरही ८००७२ईएफई राहिला तर केबी३१३८६१२, तो अपडेट चालवणाऱ्या क्लायंटचा आहे. मग डोंगलचा ड्रायव्हर पुन्हा लावून बघा.

डोंगल तरीही दिसला नाही तर बायोसमध्ये पॅरलल पोर्ट चालू आहे ना, पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ आहे ना, ते पाहा. मोडमध्ये ईसीपी, ईपीपी, एसपीपी असे पर्याय असतात, डोंगलच्या पुस्तिकेत सांगितलेला लावा. सेल संपला होता म्हणजे बायोसचं सेटिंग मूळपदाला गेलेलं असणार.

सत्तरी_वाळपई

माझ्याकडे जरा नवीन बोर्ड आहे, सहाव्या पिढीचा इंटेल. विंडोज ७ चा सेटअप सुरू होतो पण माउस-कीबोर्ड मरतात, आणि 'अ रिक्वायर्ड सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर इज मिसिंग' येतं. डीव्हीडी तर मी लावलेलीच नाही!

कुळागर

तो मजकूर फसवा आहे, डीव्हीडीशी त्याचा संबंध नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे सेटअपला त्याचाच पेन ड्राइव्ह दिसेनासा होतो. जुन्या बोर्डवर पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढून काळ्या यूएसबी २ च्या पोर्टला लावला की काम होतं. सहाव्या पिढीपासून इंटेलने जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढला, म्हणून काळं पोर्टही चालत नाही. गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड लावायची सोय असेल तर तो वापरा आणि इन्स्टॉल साटा डीव्हीडी ड्राइव्हवरून करा. नाहीतर यूएसबी ३ चा ड्रायव्हर मिसळून पेन ड्राइव्ह नव्याने करावा लागेल.

आणि इन्स्टॉल करताना विंडोज जिथे टाकायचंय तेवढीच डिस्क जोडलेली ठेवा. एकाहून जास्त डिस्क असल्या तर ८०३०००२४ येतो, किंवा 'सिस्टिम पार्टिशन करता आलं नाही' म्हणतो. डिस्क जीपीटी (डिस्क विभागायची नवी पद्धत, जुनी ती एमबीआर) आहे म्हणून नकार आला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडतो, तिथे डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर. क्लीनने त्या डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून नंबर साइजवरून खात्री करूनच द्या. त्याच प्रॉम्प्टमधून नोटपॅड उघडून एक्स ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं पँथर फोल्डर बघितलंत तर सेटअपएरर डॉट लॉग मिळतो. स्क्रीनवर कोड एकच असतो, त्या लॉगमध्ये त्याच्या आधीच्या ओळीही असतात.

अंत्रूज_मुद्रक

बिटबाब, क्रमाने सगळं लावलं. पॅरलल पोर्ट बायोसमध्ये बंदच होता, चालू करून ईपीपी केला. डोंगल दिसला, सॉफ्टवेअर उघडलं, गेल्या वर्षीच्या हँडबिलाची फाइल जशीच्या तशी आली, रफारासकट. प्रिंटही काढली.

बिट_बार्देस

उत्तम! आता नेटची वायर काढून ठेवा, फाइली पेन ड्राइव्हने न्या-आणा आणि तो पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर अँटीव्हायरसने तपासा. आणि आजच, दुसरं काही इन्स्टॉल करायच्या आधी, कंट्रोल पॅनेलमध्ये बॅकअप अँड रिस्टोर उघडून 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' करा, बाहेरच्या डिस्कवर. शिवाय 'सिस्टिम रिपेअर डिस्क' करून घ्या. उद्या एसएसडी गेली तर यातली एकही पायरी पुन्हा करावी लागणार नाही, डिस्क बदलायची आणि इमेज परत टाकायची. नवी डिस्क मात्र २४० जीबीची किंवा त्याहून मोठीच घ्या, लहान डिस्कवर इमेज उतरत नाही.

अंत्रूज_मुद्रक

इमेज चालू केली आहे. ती झाली की मांडवीकाठबाबनी सांगितलेलं पीडीएफचं काम जुन्या सालांपासून धरतो. रफार तपासायला ज्यांना वेळ असेल त्यांनी इथे सांगा, पानं पाठवीन.

मांडवीकाठ

मी तयार आहे. पहिली फाइल कधी पाठवताय?